मेण न लावलेला जोड

पुलगावला नाचणगाव रोडवर नत्थूजींच्या चहाच्या टपरीला लागून रूपराव भोयरांचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाची एक शेड, आत लाकडी बाकडं, बाकड्यावर एक बॅटरी आणि दारापुढे कडुनिंबाची सावली. गाडीतलं जे काही तारेवर चालतं, लाइट, हॉर्न, वायपर, ते रूपराव दुरुस्त करतात. वय एकसष्ट. चाळीस वर्षं हेच काम. इंजिनाला हात लावत नाहीत. "ते तेलातलं काम, आपलं उजेडातलं," असं म्हणतात आणि स्वतःच हसतात.

माणूस कामात पक्का, यात वाद नाही. पण दुसऱ्याची चूक दिसली की त्यांना जेवण झाल्यासारखं समाधान वाटे. दुकानाच्या पुढच्या बाजूला त्यांनी एक तार ताणून बांधली होती आणि तिच्यावर इतर मिस्त्रींनी बिघडवलेल्या वस्तू ओळीनं टांगल्या होत्या. जळालेला रिले, वितळलेलं होल्डर, उलट्या वायरी लावलेला हॉर्न. गिऱ्हाईक नत्थूजींचा चहा घेऊन उभं राहिलं, की रूपराव एकेका वस्तूकडे पकड रोखून ती कोणाच्या हातची ते सांगत. हा वर्धेवाल्याचा, तो आर्वीवाल्याचा. त्या तारेवर त्यांचं स्वतःचं काही नव्हतं, हे सांगायला नकोच.

स्वतःच्या कामात त्यांचा सगळा अभिमान होता सुतावर. वडील गिरणीत सूतखात्यात होते. गिरणीतलं टाकाऊ सूत घरात पोत्यानं पडलेलं असे. आपल्याकडचा उन्हाळा असा, की मे महिन्यात बॉनेटखाली चिकटपट्टीचा गोंद वितळून पट्टी सरकते आणि वायरीचा जोड उघडा पडतो. म्हणून वडिलांनी शिकवलं होतं: तांब्याच्या तारा पिळायच्या, त्यावर सूत घट्ट गुंडाळायचं, सुतावर गरम मेण चोळायचं आणि मग पट्टी मारायची. शेवटी दुहेरी गाठ आणि गाठीचं टोक आत खुपसायचं. ती गाठ पाहिली की जिल्ह्यातला कुठलाही मिस्त्री सांगे, हा रूपरावांचा जोड.

गेल्या भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी नमिता मॅडमची पांढरी गाडी दुकानापुढे येऊन थांबली. नमिता मॅडम देवळीच्या एका शाळेत क्लार्क आहेत, रोज पुलगाव-देवळी गाडीनं जातात-येतात. त्या उतरल्या त्याच रागात.

"रूपरावजी, काल संध्याकाळी येताना दोन्ही लाइट एकदम गेले. समोरून ट्रक. मी गाडी कशी कडेला घेतली मलाच ठाऊक. हॉर्न चालू, वायपर चालू, फक्त पुढचे लाइट नाहीत."

"कोनं हात लावला होता मॅडम गाडीले?"

"आठ दिवसांपूर्वी डिपरची दांडी तुटली होती. तुम्ही यवतमाळला लग्नाला गेला होतात, म्हणून स्टेशनजवळच्या वर्षालीकडून लाइटचा पूर्ण स्विच बदलून घेतला."

"हं," रूपराव म्हणाले. "मंग सापडलं."

बॉनेट अजून उघडलं नव्हतं. घोळ झाला तो इथेच. ज्याला आधीच सापडलेलं असतं, तो शोधत नाही.

ही वर्षाली म्हणजे सव्वीस वर्षांची मुलगी. वर्ध्याला आय.टी.आय. केलं, दोन वर्षं नागपूरला काम केलं आणि परत येऊन स्टेशनजवळ एका गाळ्यात दुकान थाटलं. गळ्यात मीटर लटकवून काम करते. रूपरावांनी तिच्याशी कधी भांडण केलं नव्हतं. ते फक्त तिचा विषय निघाला की हसत, आणि हसणं पुरेसं असे.

रूपरावांनी तपासायला सुरुवात केली. दोन्ही बल्ब काढून थेट बॅटरीवर लावले, पेटले. फ्यूज पाहिले, शाबूत. मग त्यांनी त्यांचा टेस्टर काढला. टेस्टर म्हणजे एक इवलासा बल्ब, एक चिमटा आणि एक टोकदार सळई. चाळीस वर्षं त्यांनी त्याच्यावर काढली, मीटर कधी घेतला नाही. स्टिअरिंगखाली डोकं घालून त्यांनी स्विचकडे येणाऱ्या वायरीला सळई लावली. टेस्टर पेटला. म्हणजे करंट स्विचपर्यंत येतोय. मग स्विच चालू करून पलीकडच्या, लाइटकडे जाणाऱ्या वायरीला लावली. टेस्टर पेटला नाही. आत येतो, बाहेर जात नाही. झालं.

स्विच चालू ठेवून येणारी वायर पुन्हा एकदा तपासायची राहिली. अर्ध्या मिनिटाचं काम. पण उत्तर हाती आलेलं असताना कोण करतो!

"काय निघालं, रूपरावभौ?" टपरीवरून नत्थूजींनी विचारलं.

रूपरावांनी बॅटरीचं टर्मिनल काढलं, स्विच उपसून काढला आणि तो हातात धरून ते थेट टपरीकडेच गेले. तिथे पाच-सहा माणसं होती. त्यांत गोपाल होता, शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या सात व्हॅनचा मालक. दिवाळीच्या सुट्टीत सातही व्हॅनची वायरिंग नव्यानं तपासून घ्यायची, असं त्याचं चाललं होतं आणि ते काम वर्षालीला द्यायचं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. हे रूपरावांना ठाऊक होतं.

"हे पाहा," रूपराव म्हणाले. "भिताडावर सर्टिफिकेट टांगलं, गळ्यात मीटर टांगलं, अन् बसवलं काय तं हे! डुप्लिकेट माल. बाई मरता मरता वाचली काल."

"दिसते तं चांगला," गोपाल स्विच उलटसुलट करत म्हणाला.

"दिसाले सारंच चांगलं दिसते, बाप्पा. तुह्या गाडीत लोकाइचे लेकरं बसतात ना? मंग पाह्य तूच."

रूपरावांनी आपल्याकडचा दुसरा स्विच बसवला, टर्मिनल घट्ट केलं आणि लाइट लावले. दोन्ही भक्कन पेटले. टपरीवरच्या दोघांनी माना डोलावल्या. नमिता मॅडमनी तिथेच उभ्या राहून वर्षालीला फोन लावला आणि चांगली फैलावर घेतली. रूपरावांनी जुना स्विच तारेवर टांगला, अगदी मधोमध. आणि संध्याकाळी गोपाल येऊन सांगून गेला, "दिवाळीत माह्या गाड्या तुमीच पाह्यजा, रूपरावजी."

त्या रात्री ते छान झोपले. हेही सांगायला हवं.

गुरुवारी सकाळी देवळीहून फोन आला. "रूपरावजी, शाळेत पोचल्यावर सहज लावून पाहिले. पुन्हा नाहीत. आता मी ही गाडी हलवणार नाही, तुम्ही या."

रूपराव पिशवी घेऊन मोपेडवर निघाले. रस्ताभर मनाशी म्हणत होते, बल्बचं होल्डर असेल, दुसरं काय. शाळेच्या मागच्या बाजूला गाडी उभी होती. आत कुठल्याशा वर्गात मुलं पाढे म्हणत होती. नमिता मॅडम किल्ली देऊन ऑफिसात गेल्या. आता तिथे चहा नव्हता, माणसं नव्हती, बघणारं कोणी नव्हतं. त्यामुळे असेल, पण या वेळी त्यांनी नीट काम केलं.

स्विच बंद ठेवून येणाऱ्या वायरीला टेस्टर लावला. पेटला. टेस्टर तसाच धरून दुसऱ्या हातानं स्विच चालू केला. टेस्टर विझला. बंद केला, पेटला. चालू, विझला.

टेस्टरच्या बल्बाला लागतो चिमूटभर करंट, तो कुजक्या वायरीतूनही येतो. हेडलाइटला लागतो ओंजळभर, तो येत नाही. म्हणजे दोष स्विचच्या अलीकडे, बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत. तो रविवारीही तिथेच होता. स्विच नवा लावल्यावर लाइट पेटले, ते टर्मिनल काढताना त्यांच्या कोपराचा धक्का वायरींच्या जुडग्याला बसला म्हणून. चार दिवसांच्या खड्ड्यांनी तो धक्का परत फेडला.

ते बॅटरीशेजारच्या जुडग्यात बोटं घालून वायर चाचपत गेले. वीतभर गेल्यावर बोटाला एक गाठ लागली. दुहेरी, टोक आत खुपसलेली.

पट्टी सोलून काढली. आत सूत काळं पडून लिबलिबीत झालं होतं. पावसाळ्यात चाकाकडून उडणारं पाणी पीत बसलेलं सूत. ते बाजूला केलं तर तांब्याच्या जागी मोरचुदाच्या रंगाची भुकटी. तीन-चार तारा काय त्या शिल्लक. आणि मेणाचा कुठे कणही नाही.

त्यांना सगळं आठवलं. नऊ-दहा वर्षांपूर्वी नमिता मॅडमचे यजमान ही गाडी घेऊन आले होते, घुशीनं वायर कुरतडली म्हणून. दारात पाच गाड्या खोळंबलेल्या. मेण गरम करायचं तर घरून आणायला हवं होतं, बायकोच्या, अन्नपूर्णाबाईंच्या चुलीवरून. राहू दे म्हणाले. पुढच्या गाडीलाही राहू दे म्हणाले. कोणी तक्रार घेऊन आलं नाही. मग मेणाचं नावच निघेनासं झालं. सुताची फुशारकी मात्र चालू राहिली. वडिलांची पद्धत चुकीची होती असं म्हणायचीही सोय नव्हती. पद्धत ठीक होती. कंटाळा यांचा.

त्यांनी कुजलेला तुकडा कापून नवी वायर टाकली, टोकं दाबून पक्की बसवली, लाइट लावून गाडी जागच्या जागी हलवून पाहिली. जुना जोड खिशात टाकला. नमिता मॅडम आल्या.

"काय होतं हो?"

"वायर कुजली होती आतून."

"आणि तो स्विच?"

खरं बोलायची हीच वेळ होती. समोर एकटी बाई, दुसरं कोणी नाही. रूपराव पिशवीची चेन लावत म्हणाले, "स्विच बी तसाच होता. दोन्ही झालं."

"बरं झालं म्हणजे," मॅडम म्हणाल्या. "मला चार दिवस वाईट वाटत होतं. फार बोलले मी त्या मुलीला, जिवाशी खेळलीस म्हटलं. ती एवढंच म्हणाली, मॅडम तो स्विच मला आणून द्या, मी तपासून सांगते. मी फोन कापला. पण मग बरोबरच बोलले."

रूपराव मोपेडवर बसले. कान तापले होते. एकसष्टाव्या वर्षी चोरी करताना सापडावं, आणि पकडणाऱ्यानं वर पाठ थोपटावी, तसं काहीसं.

घरी दुपारी ताट वाढलेलं. दोन घास खाऊन ते थांबले.

"भाकर काऊन सोडली?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

त्यांनी खिशातून तो जोड काढून ताटाशेजारी ठेवला. अन्नपूर्णाबाईंनी उचलून पाहिला. लग्न झाल्यापासून कितीतरी वर्षं त्यांनी रोज सकाळी मेणाची डबी चुलीच्या कडेला ठेवून कोमट करून दिली होती. त्यांनी भुकटी बोटावर घेतली, वास घेतला.

"मेन कुठी हाये यात?"

रूपरावांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"डबी तं किती वर्सापासून रिकामीच पडली हाये. मी समजली, आता तुमी दुसरं काई लावता म्हून." मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून त्यांना उमगलं. "कोनाच्या गाडीतला हाये?"

"ज्या गाडीपाई त्या पोरीले बोललो, त्या."

"अग बाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुकानात जाऊन त्यांनी तारेवरचा स्विच काढला. बाकड्यावर बॅटरी, स्विच, मोठा हेडलाइटचा बल्ब, अशी जोडणी केली. अजूनही मनाच्या कोपऱ्यात होतं, की थोडा तरी खराब निघावा. बल्ब असा पेटला की डोळे मिटावे लागले. डिपर मारला, खाली-वर, खाली-वर. एकदाही चुकला नाही.

स्विच पिशवीत घालून ते स्टेशनकडे गेले. वर्षाली एका टेम्पोच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

"वर्षाली, तुहा स्विच आनला."

"आना. ठिवा तिथं."

"चांगला हाये तो."

"मले माहीत हाये."

रूपरावांनी जोड तिच्यापुढे धरला. तिनं हात पुसले, जोड घेतला, गाठ पाहिली. सगळं समजायला तिला दहा सेकंदही लागले नसतील.

"लाइट चालू ठिवून मोजलं होतं का, काका?"

"नाई."

"पहिल्या वर्सात शिकवतात हे."

"चुकलं माह्यं," रूपराव म्हणाले. म्हणताना त्यांना वाटलं, आता संपलं.

ती उभी राहिली. "मले इथं सांगून काय फायदा? इथं तं मी एकटीच आहो. तिकडं चार लोकाइत बोलले ना तुमी? रविवारपासून तीन गिऱ्हाइकं अर्ध्या रस्त्यातून वापस गेले माह्ये. जिथं बोलले, तिथं सांगा."

"तू येशील उद्या?"

"मी कायले येऊ? मी नव्हती तवा. आता बी नसली तं चालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर नेहमीची माणसं जमली. गोपालही होता. रूपरावांनी कप हातात घेतला आणि सुरुवात केली. वायरी जुन्या झाल्या की काय होतं, या वर्षी पाऊस किती झाला, रस्ते कसे आहेत.

"रूपरावभौ," नत्थूजी गाळणी झटकत म्हणाले, "गाडी रिव्हर्समध्येच काऊन घालून राह्यले? सरळ बोला ना."

लोक हसले. रूपरावांनी कप खाली ठेवला आणि जोड काढून टपरीच्या फळीवर ठेवला.

"मॅडमच्या गाडीत हे होतं. हा जोड माह्या हातचा, बिनमेनाचा. वर्षालीचा स्विच चांगला होता. म्या तपासलंच नाई नीट, अन् बोललो."

हसणं थांबलं. त्यांनी तिथूनच नमिता मॅडमना फोन लावला आणि तेच सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मग काल का नाही सांगितलं?"

"लाज वाटली, मॅडम."

"ठीक आहे. ठेवा. मला आधी त्या मुलीला फोन करू दे." फोन कट.

गोपाल इतका वेळ जोडाकडेच बघत होता. "रूपरावजी, माह्या सातही गाड्यांचं आतापर्यंतचं काम तुमच्याच हातचं. असे जोड किती हायेत त्याच्यात?"

हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता. कालपासून ते आपल्या नावाचा विचार करत होते, आपल्या तोंडाचा, टपरीवरच्या हसण्याचा. सात व्हॅन, आणि त्यांत कोंबून बसलेली मुलं, ही गोष्ट त्यांना दुसऱ्यानं सांगावी लागली.

"ध्यानात नाई," ते म्हणाले. "बरेच असतीन."

"मेन लावलेले का बिनमेनाचे?"

"बिनमेनाचे."

"लेकरं बसतात ना त्याच्यात?" गोपाल म्हणाला. "तुमीच म्हनत होते."

तो कप न संपवता उठला. कामाचं काय ते कोणी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. दुपारी रूपरावांनी दुकानापुढची तार सोडली. वर्धेवाल्याचा रिले, आर्वीवाल्याचं होल्डर, एकेक काढून हातात धरून पाहिलं. यातलं खरंच कोणाचं चुकलं होतं आणि कोणाचं नाही, हे आता त्यांना सांगता आलं नसतं. सगळं पोत्यात भरून त्यांनी भंगारात दिलं.

गोपालनं दिवाळीची वाट पाहिली नाही. पुढच्या रविवारी पहिल्या दोन व्हॅन वर्षालीच्या दारात उभ्या होत्या. तिनं निरोप धाडला: जोड कुठं कुठं आहेत ते कोणालाच ठाऊक नाही, काकांनी येऊन दाखवावे. रूपराव गेले. तिनं एक उलटा क्रेट सरकवला, त्यावर बसले. हातात हत्यार नाही. असं बसायची त्यांना सवय नव्हती.

"बॅटरीच्या मागं एक असन," ते सांगत. "मागच्या लाइटच्या पट्टीखाली दोन." वर्षाली जाऊन काढे, कापे, मोजून बघे आणि क्रेटशेजारच्या तगारीत टाके. टक. पुन्हा टक. येणारी-जाणारी माणसं थांबून तगारीत डोकावत. कोणी विचारलं तर वर्षाली काही सांगत नसे, रूपरावच सांगत, "माह्ये हायेत."

दुसरी व्हॅन सगळ्यांत जुनी. तिच्या डॅशबोर्डखाली खूप आत वर्षालीला एक जोड सापडला. तिनं पट्टी सोलली आणि थांबली.

"काका, हे पाहा."

सूत पिवळसर, कोरडं, मेणानं गुळगुळीत. तिनं नखानं थोडं बाजूला केलं. आत तांबं असं चकाकत होतं, जसं काल पिळलं. तिनं मीटर लावला, आकडा पाहिला, पुन्हा लावला.

"काईच नाई झालं याले," ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडं नवल होतं. "हा बी तुमचाच?"

"हाओ. तवा लावत होतो मेन."

तगारीतल्या हिरव्या भुकटीकडे पाहतानाही त्यांची मान आत्ताइतकी खाली गेली नव्हती. येत होतं सगळं. हातात होतं.

"राहू देऊ का हा?" वर्षालीनं विचारलं.

"नको," रूपराव म्हणाले. "कापून टाक. नाई तं उद्या मी त्याचीच फुशारकी मारीन. तो बी काप."